कमानीवरचं गंध

"लोखंड खोटं बोलत नाही. विचारणाऱ्यालाच ऐकायचं नसतं." चंद्रमौळीराव हे वाक्य इतक्यांदा म्हणायचे, की कुंभकोणमच्या कॉफीक्लबात त्यांच्या आधी दुसरेच कोणी ते म्हणून टाकत आणि हसत. चंद्रमौळीरावही हसत. सगळे त्यांना मौळीअण्णा म्हणत.

त्यांचे आजोबा तंजावरच्या दरबारात घोडागाड्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सांभाळायचे. राज्य खालसा झालं, गाड्या लिलावात गेल्या, आणि आजोबा एक ऐरण आणि दोन हातोड्या बैलगाडीत घालून कावेरीकाठी कुंभकोणमला आले. बापाने टांगे दुरुस्त केले. मौळीअण्णांच्या वाट्याला मोटारी आल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण लोखंडाशी बोलायची रीत घरातलीच होती. कमानीची पट्टी दोरीला टांगायची, हातोडीने हळूच टोकायची. निरोगी पट्टी देवळातल्या घंटेसारखी बराच वेळ गुणगुणते. आजारी पट्टी हुंकार देऊन गप्प होते. शंका उरलीच, तर पट्टी घासलेटात बुडवायची, पुसून कोरडी करायची आणि वरून खडू फासायचा. आत कुठे चीर असेल तर तिच्यात लपलेलं घासलेट हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते.

त्या वर्षी श्रावणात मीनाक्षीबाईंनी त्यांना बोलावणं पाठवलं. मरुदानल्लूरच्या वाटेवर त्यांचं घर. यजमान रघुनाथराव जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांची उघडी विलायती मोटार तेव्हापासून गोठ्याशेजारी भाताच्या पेंढ्याखाली उभी होती. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली होती. आता एकुलत्या एका मुलीचं, धनलक्ष्मीचं, लग्न ठरलं होतं. इकडच्या चालीप्रमाणे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यामुलाला उघड्या मोटारीत बसवून नागस्वराच्या, म्हणजे इकडच्या लांब सनईच्या, घोषात मिरवत आणतात. त्याला जानवासम म्हणतात. लोक त्यासाठी मोटार भाड्याने आणतात. मीनाक्षीबाईंना भाड्याची नको होती.

"बाप तर नाही," त्या म्हणाल्या, "निदान बापाच्या गाडीतून जावई दाराशी येऊ दे. आणि मौळीअण्णा, त्यांचा हात लागलेलं काही बदलू नका हं."

"एक खिळा बदलणार नाही, अक्का," मौळीअण्णा म्हणाले. कॉफीक्लबातही त्यांनी हे सांगितलं. दोनदा सांगितलं.

दीड महिना ते त्या गाडीपाशी होते. इंजिन जागं झालं, चाकं फिरली, पितळ चमकलं. शेवटी कमानी राहिल्या. पेंढ्याच्या ओलीने त्या इतक्या गंजल्या होत्या, की पट्ट्या एकमेकींना चिकटून एकच जाड लाकूड झालं होतं. त्यांनी त्या सुट्या केल्या, विटेच्या चुऱ्याने घासल्या, एकेक टांगून टोकली. सगळ्या बोलल्या. मागच्या उजव्या कमानीची सगळ्यांत वरची, लांब पट्टी मात्र हुंकारून गप्प झाली. मौळीअण्णांनी ती पुन्हा टोकली. मग घासलेट, मग खडू. दुपारी शिवकामीने, त्यांच्या बायकोने, ताक आणलं तेव्हा ते खडूकडे बघत उकिडवे बसले होते. पट्टीच्या टोकाशी, जिथे ती वळून कडी होते त्या वळशाच्या अलीकडे, पापणीच्या केसाएवढी काळी रेघ होती.

"ती लॉरीची जुनी पट्टी पडलीय ना मागे," शिवकामी म्हणाली. "कापा आणि बसवा. कोण बघतंय खाली वाकून?"

"मी बघतोय," मौळीअण्णा ताठ्याने म्हणाले.

"मग सांगा तरी त्यांना."

मौळीअण्णांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. दोन दिवसांचं तर काम होतं. पण मनात एकच घोळत होतं : एक खिळा बदलणार नाही असं म्हणालो होतो, आणि सगळ्या गावाने ऐकलं होतं. आणि रेघ ती केवढी! मिरवणूक ती केवढी, माणसाच्या पावलाने चालणारी! बारा वर्षं जी पट्टी मोडली नाही, ती अर्ध्या मैलात मोडेल?

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी कोणी हत्याराला कामाला लावत नाही. हातोड्या, पाने, ऐरण, सगळं धुऊन देवीपुढे मांडायचं, गंध-कुंकू लावायचं. मौळीअण्णांनी कमानीच्या पट्ट्याही मांडल्या. मीनाक्षीबाई मुलीला घेऊन प्रसादाचे चणे खायला आल्या होत्या. मौळीअण्णा एकेका पट्टीला गंधाचं बोट लावत गेले. सगळ्या पट्ट्यांना मधोमध लावलं. त्या एकीला टोकाशी लावलं, वळशाच्या अलीकडे. बोट तिथे कसं गेलं, हे त्यांना पुढे किती वेळा आठवलं! गंध वाळलं आणि पिवळ्या ठिपक्याखाली रेघ नाहीशी झाली.

"पुसू नका हं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "देवीचं आहे, तसंच बसवा."

पूजेचं लोखंड पुन्हा भट्टीत घालत नाहीत. असं कोणी म्हणत नव्हतं. मौळीअण्णांनीच ते मनाशी म्हटलं आणि त्यांना हायसं वाटलं. विजयादशमीला त्यांनी गंधासकट कमान बसवली.

लग्न आठवड्याने होतं. त्या संध्याकाळी गाडी झेंडूच्या माळांनी मढवली होती. मागे नवरामुलगा वेंकटेश, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच मुलं कोंबलेली, पायाशी आणखी दोन. मौळीअण्णा स्वतः चाक धरून बसले होते. पुढे नागस्वर, दोन्ही अंगांना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेले गडी. एकेक खड्डा आला की मौळीअण्णांचा कान मागच्या उजव्या चाकाकडे जायचा. मुलं मजेत होती. सगळा रस्ता पार पडला. मीनाक्षीबाईंचं दार दिसू लागलं, आरतीचं ताट घेतलेल्या बायका दिसू लागल्या, आणि दारासमोरच्या पाटाच्या मोरीवर खाडकन आवाज झाला. गाडी उजवीकडे बसली. वेंकटेशचं मुंडासं मोरीत पडलं. कोणाला खरचटलंही नाही.

पण नागस्वर थांबलं होतं. त्या शांततेत नवऱ्यामुलाचे मामा राजगोपालराव हळू आवाजात म्हणाले ते सगळ्यांना ऐकू गेलं. बापाची गाडी मुलीच्या दारात मोडते, म्हणजे काय समजायचं? ज्योतिष्यांना विचारल्याशिवाय सकाळचा मुहूर्त धरणं बरं नाही. कोणी तरी मुलीच्या पायगुणाचं काढलं. मीनाक्षीबाई पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, की यजमानांना हे लग्न पसंत नाही, मीच त्यांना न विचारता ठरवलं. दारात धनलक्ष्मी उभी होती. ती रडत नव्हती. मौळीअण्णांकडे बघत होती, कारण गाडीचं सांगणार कोण, तर तेच.

मौळीअण्णा चाकाखालून बाहेर आले, हात धोतराला पुसले.

"जुनं लोखंड, अक्का," ते म्हणाले. "त्याचं काय सांगावं."

जन्मभरात त्यांनी लोखंडाला दोष दिला तो एवढा एकदाच.

घरी शिवकामीने पान वाढलं, त्यांनी न जेवताच हात धुतला. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उजाडता उजाडता ते मोडलेली पट्टी खांद्यावर टाकून निघाले. लग्नघराच्या मांडवात केळीचे खांब उभे होते, चूल पेटली होती, पण भटजी हात बांधून बसले होते. राजगोपालराव कॉफीचा पेला घेऊन बोलत होते. ज्योतिषी दहाला येणार होते, मुहूर्त नऊचा होता. मौळीअण्णांनी पट्टी राजगोपालरावांच्या पायाशी ठेवली आणि मोडलेलं तोंड वर केलं.

"राव, खाली वाकून बघा. अर्धा भाग पांढरा आहे ना, नुकत्याच फोडलेल्या खोबऱ्यासारखा? तो काल संध्याकाळी मोडला. आणि हा काळा, गंज धरलेला? तो वर्षानुवर्षं मोडलेला आहे. पायगुणाने गंज चढत नाही."

राजगोपालराव खरोखर वाकले. नखाने काळं खरवडून पाहिलं. कडेला पिवळं गंध अजून चिकटलेलं होतं.

"मला ठाऊक होतं," मौळीअण्णा म्हणाले. "आयुधपूजेच्या आदल्या दिवशी खडूवर रेघ दिसली. हे गंध मीच वर लावलं, झाकायला. गावात बोलून बसलो होतो, एक खिळा बदलणार नाही म्हणून."

"सात मुलं होती गाडीत," राजगोपालराव म्हणाले.

"होती."

"आणि काल? काल का गप्प बसलात?"

"काल लोखंडाच्या माथी मारलं."

राजगोपालराव सरळ उभे राहिले. मग पेला खाली ठेवला, उपरणं सावरलं आणि भटजींना म्हणाले, की बसलाय काय, मुहूर्त नऊचा आहे. एवढंच. नागस्वरवाला दाराआडून सूर लावू लागला. बायकांची धावपळ सुरू झाली.

मौळीअण्णा तिथेच उभे होते. मीनाक्षीबाई खांबाआडून पुढे आल्या. त्या रागावतील, शिव्या देतील, असं त्यांना वाटलं. ते त्यासाठी तयार होते, जवळजवळ त्याची वाटच बघत होते.

"तुम्ही सांगितलं असतं ना, मौळीअण्णा," त्या म्हणाल्या, "तर मी म्हटलं असतं, बदला. मला काय गंज पुजायचा होता?"

आणि त्या आत गेल्या. जेवून जा, असं त्या म्हणाल्या नाहीत. लग्नघरातून कोणाला न जेवता जाऊ देत नाहीत.

मौळीअण्णा वाकले, पट्टी उचलली. गंधाचा पिवळा डाग त्यांनी अंगठ्याने घासून पाहिला. तो सुटला नाही. पट्टी खांद्यावर टाकून ते मांडवाबाहेर पडले, मोरी ओलांडली, कलंडलेल्या गाडीवरून हात न फिरवता तिच्या बाजूने गेले. माडीच्या खिडकीत, अर्ध्या वेणीत फुलं माळलेली धनलक्ष्मी उभी होती. केस धरलेली बाई मागून ओढत होती, मान सरळ कर म्हणत होती. धनलक्ष्मीने मान वळवली नाही. पाटाच्या कडेने, खांद्यावरच्या लोखंडाच्या ओझ्याने एका बाजूला झुकून चाललेला तो म्हातारा माणूस ताडांच्या रांगेपलीकडे जाईपर्यंत ती बघत राहिली.