भावोजींचा उसासा

आमच्या ह्यांना वाद्यातली गळती रस्त्यावरून ऐकू येते. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर सॅक्सोफोन फुंकून दाखवायला लागलं, की हे आतूनच ओरडतात, "उजव्या करंगळीखालची गादी गेलीय. ठेवून जा, शुक्रवारी या." बोटांनी दाबायच्या चाव्यांच्या खाली चामड्याच्या लहान गोल गाद्या असतात. त्या भोकांवर घट्ट बसल्या नाहीत तर हवा निसटते. चाळीस वर्षं हे त्या गाद्या बदलताहेत. घरातला नळ गळतो, तो मात्र ह्यांना ऐकू येत नाही.

अशा माणसाचा सख्खा थोरला भाऊ जॅझमधलं मोठं नाव. सासऱ्यांचं दुकान दोघांनी चालवायचं ठरलं होतं, पण भावोजींचा सगळा जीव सॅक्सोफोन वाजवण्यात. सासरे अंथरुणाला खिळले आणि त्याच महिन्यात भावोजी एका वाद्यवृंदाबरोबर निघाले. ह्यांचा राग कायम नाकावर. दारात उभं राहून म्हणाले, "जा. पण वाद्य बिघडलं तर या दारात येऊ नकोस." भावोजी वाद्याची पेटी उचलून गेले. मी तेव्हा नवी नवरी, मध्ये बोलायची छाती झाली नाही. बोलायला हवं होतं.

बावीस वर्षं ते आले नाहीत. बापाला शेवटचा निरोप द्यायला आले, तेसुद्धा रस्त्यापलीकडे उभे राहून परत गेले.

त्यांच्या रेकॉर्डी मात्र येत राहिल्या. पहिल्या रेकॉर्डीपासूनच संथ चालीत, एका खालच्या सुराच्या आधी, हवेचा बारीकसा आवाज यायचा. कुणा समीक्षकाने त्याला 'उसासा' म्हटलं आणि तेच नाव पडलं. जॅझ शिकणारी पोरंपोरी तो उसासा घोकू लागली. त्याच्यावर लेख आले, व्याख्यानं झाली. आमच्या दुकानात रेकॉर्ड वाजताना ती जागा आली की ह्यांच्या हातातला पेचकस थांबायचा.

"ऐकलंस? दादा श्वास घेतोय."

"मग जा की भेटायला. बसने तीन तासांचा तर रस्ता आहे."

"त्याला पाय नाहीत का?" एवढं बोलून पुन्हा कामाला. दोघांच्याही ताठ मानेला एकच खिळा ठोकलेला, दुसरं काय म्हणायचं!

या वर्षी भावोजी गेले. पंधरा दिवसांनी पुतणी त्यांचं वाद्य घेऊन दुकानात आली. ती मोठी झाल्यावर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाली, "काका, रविवारी बाबांच्या आठवणींचा कार्यक्रम आहे. मी हेच वाजवणार. जरा बघून द्या."

ह्यांनी पडदा ओढला, वायरचा लहान दिवा नळीत सोडला. जिथे गादी नीट बसत नाही तिथून उजेड बाहेर येतो. एका गादीच्या कडेने उजेडाची रेघ दिसली. ह्यांनी ती गादी काढली, नवी बसवली, पुन्हा दिवा फिरवला. रोजचंच काम. मग पुतणीने वाजवून पाहिलं. स्वच्छ, गोल, एकसारखा सूर.

"ती संथ चाल वाजव," हे म्हणाले. तिने वाजवली. "पुन्हा." तिसऱ्यांदाही उसासा आला नाही.

ह्यांनी टेबलावरची जुनी गादी बोटावर घेतली. "गळत होतं गं," मला म्हणाले. "इतकी वर्षं गळत होतं, आणि मला ऐकू आलं नाही."

"बाबांना ठाऊक होतं," पुतणी म्हणाली. "वैतागायचे. त्या सुराला दम जास्त लागायचा."

"मग कुणाकडून दुरुस्त का नाही करून घेतलं?"

"आई हेच विचारायची. बाबा म्हणायचे, कारागीर माझ्या घरातच आहे. तो बोलावेल तेव्हा जाईन."

हे घाईघाईने जुनी गादी परत लावायला लागले. पोरीने हात धरला. "नको, काका. त्यांना ते दुरुस्तच हवं होतं. तुमच्या हातून." मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन उगाचच भांडी घासत बसले.

रविवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पुतणी छान वाजवून गेली. चुकल्या चुकल्यासारखं वाटून लोक कुजबुजले, तेवढंच. मग भावोजींचे पाच शिष्य एकामागून एक उठले. पाचांची वाद्यं ठणठणीत. त्यातली दोन तर आमच्याच दुकानातून गेलेली. पहिला त्या जागेवर आला आणि त्याने ओठांनी, घोटून घोटून कमावलेला तो उसासा टाकला. टाळ्या पडल्या. मग दुसरीने टाकला. हे खुर्चीत अर्धवट उठले. मी दंड धरून खाली बसवलं.

तिसऱ्याने टाकला तेव्हा माझा हात झटकून हे सरळ उभे राहिले. रागाचा मागमूस नव्हता आवाजात. सगळं सभागृह मागे वळून बघत होतं, आणि आमचे हे रिकाम्या हवेत हात पुढे करून म्हणत होते, "ये रे दादा. घरी ये आता."