शुक्रवारचं फॉक्सप्रो संमेलन

चिंतामणी टिपणीस हे भिवंडीतल्या एका शाळेत हेडक्लार्क, आणि फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची भाषा म्हणजे त्यांना पन्नाशीला जडलेली खोड. ज्यावर प्रोग्राम चालायचा तो कॉम्प्युटर काही घरात नव्हता. म्हणून ते दोनशे पानी वहीत प्रोग्राम लिहीत आणि संध्याकाळी पाटावर मांडी ठोकून स्वतःच कॉम्प्युटर होत. बोट एकेका ओळीवरून सरके आणि कुठे कोणता आकडा आला ते शेजारच्या पानावर पेन्सिलीने उतरे. बायको सरलाबाई म्हणत, "लोक पोथी वाचतात, आमचे हे वही वाचतात. पुण्य लागत असलं तर बरं." रविवारी प्रभाकरच्या कॉम्प्युटर क्लासात अर्धा तास मशीन मिळे. तिथे प्रोग्राम चाले, कौतुकही होई. पण वही उघडून ओळ न् ओळ वाचणारं गावात कोणी नव्हतं. आपण लिहितो ते खरंच धड आहे का, हे एकदा जाणत्याच्या तोंडून ऐकायचं, एवढी एकच आस या गृहस्थाला लागली होती.

त्र्याण्णव साली प्रभाकरने ठाणे जिल्ह्यातल्या फॉक्सप्रोवाल्यांचं संमेलन भरवायचं ठरवलं. मुंबईहून केसरीनाथ प्रधान येणार होते, मोठमोठ्या कंपन्यांना प्रोग्राम लिहून देणारा माणूस. टिपणिसांना निकालपत्रकाचा प्रोग्राम दाखवायला दहा मिनिटं मिळाली. शेवटचं आभारप्रदर्शनही त्यांच्याच गळ्यात पडलं.

वार कोणता, यावर तासभर खल झाला. संमेलनासाठी ठरलेल्या शाळेच्या हॉलमागेच कापडाच्या लूमचे कारखाने. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. टिपणिसांनी तोडगा काढला. "शुक्रवारी ठेवा. शुक्रवारी लूम बंद असतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. शुक्रवारी लूम बंद का असतात, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सात शहाण्यांच्या कमिटीत एकालाही ते आठवू नये? शुक्रवारी तिथली वीजच बंद असते.

संमेलनाच्या दिवशी साडेनऊला वीज गेली. दीपप्रज्वलन तेवढं झोकात झालं, कारण समईला वीज लागत नाही. व्यासपीठावर दोन कॉम्प्युटर झेंडूच्या माळा घालून मुकाट बसले होते. मग वेळ काढायला सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा झाला, अध्यक्षांचा झाला, शेवटी मशीन आणणाऱ्या टेम्पोवाल्या चांगदेवचाही झाला. चांगदेव शाल सावरत म्हणाला, "मी ते डबं निस्तं उचललं. आत काय हाय ते मला ठावं न्हाय." हॉलमधल्या निम्म्या लोकांची अवस्था तीच होती, पण कबूल करायचा मोठेपणा फक्त त्याच्याकडे होता.

दुपारपर्यंत शाली संपल्या. केसरीनाथांनी हातातली फ्लॉपी खिशात टाकली आणि घड्याळ पाहिलं. टिपणिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवार त्यांनीच सुचवला होता, आणि आता जाणता माणूस पाचच्या एसटीने वही न बघताच परत जाणार होता.

शेवटी ते उठले. "माझा प्रोग्राम विजेशिवायही चालतो," ते म्हणाले. लोक हसले. त्यांनी वही केसरीनाथांच्या हातात दिली आणि फळ्याजवळ जाऊन खडू उचलला. "साहेब, तुम्ही गुण सांगा. मशीन मी होतो."

केसरीनाथांनी गंमत म्हणून एका मुलाचे गुण सांगितले. टिपणीस ओळीचा नंबर म्हणत आणि फळ्यावर आकडा मांडत. पहिला मुलगा पास झाला, दुसरा गणितात गेला. मागच्या बाकांवरचे लोक पुढची ओळ आधीच ओरडून सांगू लागले. केसरीनाथ मात्र हसायचे थांबले होते. वहीवर बोट ठेवून ते म्हणाले, "तिसरा मुलगा. एकाही पेपरला बसला नाही."

खडू थांबला. सरासरी काढायला एकूण गुणांना दिलेल्या पेपरांच्या संख्येने भागायचं होतं. इथे पेपर शून्य. टिपणिसांच्या शाळेत असा महाभाग कधी निघालाच नव्हता. मनात आलं, 'गैरहजर' लिहावं आणि पुढे सरकावं, कोण विचारतंय? पण मशीन झालेल्या माणसाला ती मुभा नसते.

"शून्याने भागाकार," ते म्हणाले. "प्रोग्राम इथे बंद पडला. चूक माझी आहे."

प्रभाकरने सवयीने दोन टाळ्या वाजवल्या आणि हात आवरला. "टिपणीसकाका, आता लगेच आभार उरकून घ्या," तो कुजबुजला.

टिपणिसांनी खिशातून यादी काढली. अध्यक्ष झाले, शाळा झाली, मांडववाले झाले. "आणि प्रधानसाहेबांचे आभार," ते म्हणाले. "तीन वर्षं मी हे लिहितोय. सगळ्यांनी शाबासकी दिली. चूक कोणी काढली नाही, कारण कोणी वाचलंच नव्हतं." यादीत अजून नऊ नावं होती, पण डोळ्यांना अक्षर दिसेना.

केसरीनाथ वही मांडीवर घेऊन पेनाने समासात काहीतरी लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "टिपणीस, इकडे येऊन बसा. सतराव्या पानावर आणखी एक आहे. एसटी पुढची धरीन मी."

टिपणीस यादी हातात तशीच घेऊन गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. उरलेल्या नऊ जणांचे आभार राहिले ते राहिलेच. त्यातले दोघे पुढे कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि टिपणिसांना त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.