माझ्या फोनमधली भरती

माझ्या आईची आणि सासूबाईंची पहिली भेट सातपाटीच्या खाडीत, गुडघाभर चिखलात झाली. दोष मोबाइलमधल्या कॅलेंडरचा होता, असं मी अजूनही सांगतो. (कोणी ऐकत नाही.)

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पोटामागं फिरत फिरत तारापूरच्या कारखान्यात येऊन पोचलो. कुंभवलीत खोली घेतली. पॅकिंगला मुरबे गावची वैशाली होती, तिच्याशी जमलं आणि मी कोळ्यांचा जावई झालो. परक्या मुलखातल्या पोराला त्या घरानं पोटच्या लेकासारखं जवळ केलं, ते उपकार फिटायचे नाहीत. आई मात्र लग्नालाच आली नाही. "त्या घरचं मी पाणीबी पिणार नाही," म्हणाली, आणि दोन वर्षं खरोखर तसंच वागली. मग एक दिवस फोन आला, "येते एकदा. पाहून जाते."

झालं! माझी झोप उडाली. विहिणीविहिणींचं जमलं तर दोन घरं जोडली जाणार. बिनसलं तर आई उलट्या पावली परत, ती कायमची!

म्हणून मी ठरवलं, आईला थाटात न्यायचं. होडीतून! पालघर स्टेशनहून आधी खोलीवर, चहा-आंघोळ, मग सातपाटीला, आणि तिथून सासऱ्यांच्या होडीनं खाडीपलीकडे मुरब्याला.

"जावयबापू, भरती बघून या," सासरे म्हणाले. "मी होडी लावतो. भरती कवा हाय ती ठावं हाय ना?"

"सगळं फोनमध्ये आहे, बाबा!"

आणि होतंच. महिन्याभराच्या भरत्या वैशालीनं सांगितल्या होत्या आणि मी एकेक करून कॅलेंडरमध्ये घातल्या होत्या. माझ्या ड्यूट्या, गॅसचा नंबर, वैशालीचा वाढदिवस (दोनदा आठवण, एक आदल्या दिवशी), सगळं तिथंच. माझं डोकं माझ्या मानेवर नव्हतंच. ते खिशात असायचं.

आई यायच्या आदल्या संध्याकाळी त्या डोक्याची काच काळी पडायला लागली. वैशाली स्वयंपाकाच्या तयारीला माहेरी गेलेली. मी तसाच बोईसरला, मोबाइलच्या दुकानात.

"भैया, ये तो गया," दुकानदार म्हणाला. "फोटो निकाल दूँ?"

"फोटो जाने दो! कॅलेंडर बचाओ! भरती जानी नहीं चाहिए!"

"कौनसी भरती? पुलिस की?"

"समुंदर की!"

त्यानं उरलेल्या अर्ध्या काचेवर बोटं फिरवून आधी बॅकअप घेतला, मग कॅलेंडर एक्सपोर्ट केलं आणि म्हणाला, "ये लो, आपकी पूरी जिंदगी. एक फोटो से भी छोटी है."

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटायला वेळ नव्हता. ती फाइल मी माझ्या ईमेलवर पाठवली, वैशालीला पाठवली, दोन दोस्तांना पाठवली, आणि भीतीच्या भरात आमच्या सुपरवायझरलाही पाठवली. (त्यांनी 'छान' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. कशाबद्दल, ते त्यांनाच माहीत!) मग त्याच दुकानातून कोणीतरी परदेशातून आणून विकलेला जुना फोन घेतला. त्यात फाइल इम्पोर्ट केली. सगळं आलं! ड्यूट्या आल्या, गॅस आला, भरत्या आल्या. एकही नोंद गळली नाही. मी दुकानदाराला हात जोडले.

खोलीवर येऊन उद्याचं पान उघडलं. 'भरती, सकाळी साडेसहा.'

मला घाम फुटला. आई पालघरला उतरणारच मुळी उजाडताना! कसली आंघोळ आणि कसला चहा! सासऱ्यांना विचारावं, तर 'सगळं फोनमध्ये आहे' असं मीच ऐटीत सांगून बसलेलो.

सकाळी आई गाडीतून उतरली, तशी मी तिला रिक्षात कोंबली.

"आरं, तोंड तर धुऊ दे!"

"समुद्रावर धू!"

"च्या तरी पाज, लेकरा!"

"माय, भरती थांबत नसते!"

सातपाटीला पोचलो. फोन म्हणत होता भरती. समोर बघितलं, तर लांबवर काळा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि पार मधोमध पाण्याची एक बारीक पट्टी. मी पुन्हा फोनकडं बघितलं, पुन्हा समुद्राकडं बघितलं, आणि समुद्राची चूक आहे असं ठरवलं.

"येईल पाणी. आज जरा उशीर झालाय," मी म्हणालो.

"समुद्राला?"

"आपण पट्टीपर्यंत चालत जाऊ. बाबा तिथंच असतील."

चार पावलं बरी गेली. पाचवं पाऊल खाली गेलं, ते जातच राहिलं! मला धरायला आई पुढं आली आणि तीही रुतली. माझ्या चपला चिखलानं गिळल्या. विहिणीसाठी आणलेली साडी आईनं पिशवीसकट डोक्यावर धरली आणि तोंड सोडलं.

"काहून आणलं रे मला इथं? मारायला?"

तेवढ्यात मासळीची पाटी घेतलेल्या एक बाई किनाऱ्यावरून ओरडल्या, "पाय नको हलवू! हलशील तशी आत जाशील!" त्यांनी पाटी उतरवली, साडीचा काष्टा आवळला, एक फळी चिखलावर टाकली, आणि आईला कमरेला धरून गाजर उपटावं तशी वर काढली. मला मात्र त्या बाईंचा चेहरा बघितल्यावर आणखी खाली रुतावंसं वाटलं.

आई धापा टाकत म्हणाली, "देवासारखी आलीस गं बाई! हे बघ माझं ध्यान! असल्या येड्याला पोरगी कोणी दिली असंल!"

"मीच दिली," सासूबाई म्हणाल्या.

आईनं डोक्यावरची पिशवी हळूच खाली घेतली.

"पण आमी दिली तवा बरा होता, बाय," सासूबाई पुढं म्हणाल्या. "ह्यो नवा फोन नवता त्याच्याकडं."

आईचा चेहरा हलला. आधी मला वाटलं रडतेय. ती हसत होती! मग दोघी हसायला लागल्या, एकमेकींना धरून, चिखलानं माखलेल्या. पहाटेच रस्त्यानं सातपाटीला मासळी घ्यायला आलेल्या सासूबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढं केली आणि आई ती घटाघटा प्याली. पूर्ण! माझ्या छातीवरची दोन वर्षांची धोंड तिथंच चिखलात बुडाली. (मला फळी द्यायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही, मीच सरपटत बाहेर आलो, पण तक्रार नाही.)

दुपारी बाराला खाडी काठोकाठ भरली आणि सासरे वैशालीला घेऊन होडीनं आले. वैशालीनं माझा फोन बघून कपाळाला हात लावला.

"अहो, हा फोन सोताला लंडनात समजतोय! घड्याळ कोणीतरी हातानं लावलंय, देश बदललाच नाय. आपले बारा म्हणजे तिथले सकाळचे साडेसहा, म्हणून बाराची भरती साडेसहाला दाखवली."

आई आणि सासूबाई होडीत शेजारी शेजारी बसल्या. पिशव्या चढल्या, पाट्या चढल्या. सासऱ्यांनी होडीकडं बघितलं. "वजन जास्ती झालं. एकानं उतरून रस्त्यानं या, वळसा घालून."

दोन्ही विहिणींनी एकदम माझ्याकडं बोट केलं, "ह्याला पाठवा!"

दोघींचं पहिलंच एकमत! माझे डोळे भरून आले. तसाच अनवाणी उतरलो आणि आनंदानं रिक्षा शोधायला लागलो.