हातानं पुसलेला विषय

व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की मला अजून सरांचा निळा झालेला तळहात दिसतो. पीएचडीचा विषय ठरवायचा होता. मी बोर्डवर लिहिलं होतं, 'भातखाचरातला ताप'. उंदरांच्या मुतातून पसरणारा, आमच्या गावात, मळवलीत, दर भाताच्या आवणीनंतर येणारा. माझे वडील त्यातच गेले. सरांनी डस्टरही शोधला नाही, हातानंच पुसलं. "याला विचारतंय कोण? कॅन्सर घे." तेव्हा मला तो हात वडीलकीचा वाटला होता.

परवा आत्या त्याच तापानं फणफणली होती.

"तू ह्याच्यावरच शिकलीस न्हवं?"

"नाही आत्या. कॅन्सरवर. उंदरांच्या."

ती कोपरावर रेलून उठली.

"मंग उंदरं तरी बरी झाली का?"