शिशाच्या साच्याला गोडं तेल

जर्मनीत एर्लांगेनजवळच्या ज्या गावात आम्ही भाड्याने राहतो, तिथे आमच्या घरमालकांना गल्लीतली सगळी पोरं ओपा म्हणतात. ओपा म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणते. त्यांच्या गॅरेजात मोटार सोडून सगळं आहे, आणि टेबलावर मानाच्या जागी शिसं वितळवायचं विजेचं भांडं.

पहिल्यांदा त्या गॅरेजातून धूर येताना पाहिला तेव्हा मी बादलीभर पाणी घेऊन धावले. "काइन वासर! काइन वासर!" करत ओपांनी मला दारातच अडवलं. पाणी नको, एवढं जर्मन मला कळलं. आगीला पाणी का नको, ते कळेना. मग त्यांनी हातवारे करून दाखवलं: वितळलेल्या शिशात थेंबभर पाणी गेलं तरी सगळं उसळून तोंडावर येतं. बादली मी त्यांच्या टोमॅटोंना घातली आणि टोमॅटोंसाठीच आणली होती असा चेहरा केला.

ओपा गावच्या शूटिंग क्लबात रिव्हॉल्व्हरने कागदावरच्या वर्तुळांवर नेम धरतात. विकतच्या गोळ्या त्यांना परवडत नाहीत असं नाही, त्या विकत घ्यायच्या हेच पटत नाही. छपरं दुरुस्त करणाऱ्या दोस्ताकडून शिशाच्या जुन्या पट्ट्या आणायच्या, वितळवायच्या, वरची मळी काढायची, चिमूटभर कथील घालायचं आणि लोखंडी साच्यात ओतायचं. साचा उघडला की गोळी टप्पकन खाली. निवडायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"अहो, ओपा मला गोळ्या ओतायला शिकवणार आहेत."

नवरा बूट काढता काढता थांबला. "कसल्या गोळ्या?"

"रिव्हॉल्व्हरच्या."

"वा! व्हिसाच्या ऑफिसात काय सांगू? बायकोला भाषेच्या वर्गाला घातलं होतं, तिने कारखाना काढला?"

तो गंमत करत होता, पण माझी झोप उडाली. मी नववीत शाळा सोडलेली बाई. इथे पोस्टमनने बेल वाजवली तरी मला वाटतं, आता परत पाठवतात. सकाळी ओपांना विचारलं. ते म्हणाले, शिसं कोणीही ओतावं, दारू भरून काडतूस करायला मात्र परवाना लागतो आणि तो त्यांच्याकडे आहे. "तेव्हा तू राउस!" म्हणजे बाहेर. ते भरायला बसले की मी वर जाऊन खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेते.

तरी मी गेले, कारण या माणसाला मला नाही म्हणवत नाही. फोनवर आमचं आडनाव ऐकलं की लोकांची वोनुंग, म्हणजे राहायची जागा, अचानक भाड्याने गेलेली असायची. ओपांनी मात्र एकच प्रश्न विचारला होता: शनिवारी जिना कोण झाडणार? मी वर्गातल्यासारखा हात वर केला. वर्गात कधी केला नव्हता.

काम मला आवडलं. हातमोजे, चश्मा, दार सताड उघडं, तिथे काही खायचं नाही आणि नंतर साबणाने हात धुवायचे, एवढे नियम. साचा गार असला की पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. पहिलं घावन तव्याचंच, हे मला कोणी शिकवायला नको. सुरकुतलेल्या परत भांड्यात, गुळगुळीत डब्यात.

यंदा शरदात क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती आणि माणसं दोन: ओपा आणि बेकरीवाल्या बाई. रविवारी नेमबाजी, जो सरस तो आत. ओपा माझ्या लग्नाच्याही आधीपासून संघात आहेत. जागा गेली तर काउंटरमागे उभं राहून बाकीच्यांना बियर द्यायची. "त्याच्यापेक्षा मेलेलं बरं," ते म्हणाले, आणि ते काही हसत नव्हते.

शुक्रवारी गॅरेज झाडताना मला त्या साच्यावर गंजाचे तांबूस ठिपके दिसले. माझ्या बिडाच्या अप्पेपात्राला असे खळगे आहेत आणि असेच ठिपके येतात. मग मी जे करायचं तेच केलं. साचा घासला, तापवला आणि अर्धा कांदा गोड्या तेलात बुडवून खळग्याखळग्यातून फिरवला. लोखंड कसं काळंभोर, तुकतुकीत झालं! गुपचूप जागेवर ठेवून दिला. ओपांना तेवढीच मदत.

शनिवारी सकाळी पहिली धार साच्यात पडली आणि निळसर धूर निघाला. ओपांनी नाक वर केलं. "भजी?"

गोळी पडली ती खारकेसारखी. दुसरी तशीच. त्यांनी साचा आणखी तापवला, खारकाच. ओपा स्टुलावर बसले. "साचा गेला," ते हळूच म्हणाले. "आता उद्या काय?"

"ओपा, मी. तेल. कांदा."

"कांदा?"

"चिकटू नये म्हणून!"

"पण ते चिकटतच नाही! तेल जळतं, त्याची वाफ होते, शिशाला आत जागाच मिळत नाही!"

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. तेवढ्यात नवरा खाली आला, वास घेतला आणि मराठीत म्हणाला, "काय गं, अप्पे झाले?"

ओपांनी विचारलं, हा काय म्हणतो? नवऱ्याने त्यांना अप्पे, कांदा, पात्र, सगळं जर्मनमध्ये सांगितलं. ऐकता ऐकता ओपांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की चश्मा काढून पुसावा लागला. "आल्झो," म्हणजे चला तर, करत ते उठले, "भांडी घासायचा साबण आण."

उकळतं पाणी, साबण, नवऱ्याचा नवाकोरा ब्रश. ("माझाच का?" "मग काय ओपांचा?") साचा कोरडा करताना मला ती बादली आठवत होती; इतका तापवला की ओपा म्हणाले, पुरे, वितळवतेस काय! त्यानंतरही बऱ्याच खारका निघाल्या, पण दुपार व्हायच्या आत पहिली चकचकीत गोळी पडली. मी इतकी कडक निवड केली की ओपा भांडायला लागले.

"ही चांगली आहे!"

"सुरकुती आहे."

"कुठाय?"

"आहे. परत भांड्यात."

रविवारी क्लबात आम्ही नवरा-बायको काचेमागे बसलो. बेकरीवाल्या बाईंनी आधी नेम धरला, छानच धरला. मग ओपा. त्यांच्या गोळ्यांचं तोंड सपाट असतं, त्यामुळे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. तरी शेवटचं भोक वर्तुळाच्या रेषेला टेकलंय की नाही, यावर सगळं येऊन थांबलं. टेकलं तर ओपा, नाही तर बाई. पंचांनी भोकात मापाची खुंटी घातली, वर भिंग धरलं. मी मारुतीला नारळ कबूल करून टाकला. इथे मारुती कुठे गाठायचा ते नंतर बघू.

"टेकलंय," पंच म्हणाले.

बाईंनी ओपांशी हात मिळवला. "पुढच्या वर्षी मी पण घरच्याच गोळ्या आणते."

"आणा. हिला मात्र देणार नाही," ओपा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

परत येताना गाडी नवरा चालवत होता. ओपा पुढे, हात मांडीवर घट्ट धरून. मला राहवेना. "ओपा, गोळ्या कशा होत्या?"

"बास्ट शो."

म्हणजे, चालतंय.

"एवढंच?" नवरा मराठीत कुजबुजला. "सगळी दुपार राबलीस आणि चालतंय?"

"अहो, गप्प बसा," मी म्हटलं. "इथली माणसं कौतुकात याच्यावर जात नाहीत."