'फक्त' खोडणारे सर

"तेवढं 'फक्त' काढा," म्हणत सर बळींच्या आकड्याआधी तो शब्द दिसला की कोणाच्याही कागदावर लाल रेघ ओढत. बारामतीच्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत, मी अर्थशास्त्र. एकाच इंग्रजी अमलाखालून निघालेल्या तीन देशांत दहशतवाद कुठे वाढला, कुठे घटला, याची तुलना हा त्यांचा जन्माचा उद्योग. माणसाने छंद तरी किती आनंदी निवडावा!

त्यांच्या लेखी भारत, पाकिस्तान, बांगलादेश म्हणजे वाटण्या झालेली भावंडं. "तिघांच्याबी दारात रगात सांडतंय, अन् जो तो बांधावर उभा राहून शेजाऱ्याचं मोजतोय," असं ते आपल्या इंदापुरी बोलीत सांगत. कँटीनमधल्या देशभक्तांना मात्र क्रिकेटसारखा निकाल हवा असे.

"सर, आपल्याकडं कमी हाय का न्हाय?"

"हाय की."

"मग झालं तर!"

"ज्याच्या घरचं गेलं, त्याला जाऊन सांगा, कमी हाय म्हणून."

असल्या उत्तराला टाळ्या पडत नाहीत. आम्ही प्राध्यापक मंडळी तर भलतीच विनोदी. पाठीमागे त्यांना 'फक्तराव' म्हणायचो. त्यांचा मुलगा लष्करात, काश्मीरमध्ये होता. कँटीनच्या टीव्हीवर बातम्या लागल्या की सरांचा चहा तसाच निवून जाई.

सरांच्या आलेखातली भारतातल्या बळींची रेघ सगळ्यात खाली आली, त्याच वर्षी त्यांचा मुलगा अतिरेक्यांच्या गोळीबारात गेला.

शोकसभेचा फ्लेक्स रीतीप्रमाणे लागला. पुढाऱ्यांचे हसरे चेहरे मोठे, पोराचा फोटो कोपऱ्यात. सूत्रसंचालकाने सवयीने पाहुण्यांना शाल-श्रीफळही देऊन टाकलं. पाहुण्यांचं भाषण सरांच्याच एका विद्यार्थ्याने, सरांच्याच लेखावरून लिहिलेलं. तुलना अगदी चोख होती.

"शेजाऱ्यांच्या मानानं आपण किती सुरक्षित! यंदा फक्त मोजकेच जवान..."

पहिल्या रांगेतून सर उठले. त्यांनी हात जोडले.

"साहेब, तेवढं 'फक्त' काढा. माझ्याकडं एकच होता."

पाहुण्यांनी कागदाची घडी घातली. पुढचं भाषण झालंच नाही.

सर नोकरी सोडून इंदापूरला गेले. परवा त्यांच्या वर्गाबाहेर पोरांनी नवा आलेख लावला. त्याखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्याकडे फक्त', आणि पुढे बळींचा आकडा. मी पेन काढून जवळ गेलो, तर त्या 'फक्त'वर कोणीतरी आधीच लाल रेघ ओढली होती.