तिसरा सिलिंडर

माझ्या साळ्याने आपल्या सख्ख्या बहिणीला फसवलं. गाडी मी घेतली, सौदा मी केला. पण ती कोणासाठी घेतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. माझ्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. नार्नूरकडच्या आमच्या गावातून आठवड्यात दोनदा तिला आदिलाबादला डायलिसिसला न्यावं लागतं. बसमध्ये तिच्याने बसवत नाही. मागची सीट पाडून तिला आडवं होता यावं, म्हणून त्याची जुनी, मोठी डिझेल गाडी घेतली.

मी बैलांच्या व्यापारात उभा राहिलेला माणूस. बापाने मला एक दोरखंडही दिला नव्हता. आमच्या बाजारात जाणता माणूस चालता बैल पारखत नाही. बसलेला बैल उठवायचा आणि पहिली चार पावलं बघायची. पाय दुखरा असेल तर तिथंच कळतं. अंग तापलं की तोच बैल सरळ चालतो. आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याआधी विचारायचं, खोड काय? विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, ही रीत. शेकडो बैल विकले, पण ती मी कधी मोडली नाही.

नेरडीगोंड्याजवळ त्याच्या गावी गेलो तेव्हा सकाळ होती आणि गाडीचं बोनेट गरम होतं.

"आत्ताच वावरातून आलो, भाऊजी," तो म्हणाला.

बैल असता तर मी तिथूनच माघारी फिरलो असतो. पण सासुरवाडीचा चहा हातात होता. तरी विचारलं, "खोड काय?"

"काई नाई. बहिणीले खोडीची गाडी देईन का मी?"

मी भाव पाडला. आणखी पाडला. तो लवकर कबूल झाला आणि मी मनात खूश झालो.

पावसाळाभर गाडी चालली. थंडी पडली तशी सकाळी सुरू केली की पांढरा धूर, आणि उभ्या जागी अशी थरथरायची की दारं वाजायची. गावातल्या मिस्त्रीने डिझेलला दोष दिला, फिल्टर बदलला. मग एका सकाळी इंद्रवेल्लीच्या अलीकडे चढावर ती मिसिंग करत करत बंदच पडली. दुसरी गाडी मिळून आदिलाबादला पोचेपर्यंत बायकोचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलं होतं. परवा या, म्हणाले. ते दोन दिवस ती भिंतीला उशी लावून बसून होती. आडवी झाली की श्वास कोंडायचा. तिचे पाय दाबले की बोटांचे खड्डे तसेच राहायचे. तिसऱ्या दिवशी मशीनवर घेतलं तेव्हा एक खेप चुकली म्हणून डॉक्टर मलाच रागावला.

गाडी ओढत नेली ती नेरडीगोंड्याला, हायवेवरच्या एका डिझेल मिस्त्रीकडे. ट्रकवाले त्याचं नाव घेतात. त्याने इंजिनला हात लावायच्या आधी रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी चालू केलं, आणि पंपाकडून नोझलला जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. पहिला ढिला केला, इंजिन आणखी अडखळलं. दुसरा, तसंच. तिसरा ढिला केला तर आवाजात काडीचा फरक नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. मग त्याने दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं नोझल आपसात बदललं. बिघाड नोझलबरोबर सरकला नाही, तिसऱ्यातच राहिला. शेवटी नोझलच्या भोकांत एकेक करून दाब मोजायचा गेज लावला. बाकी तीन सिलिंडरचा दाब सारखा, तिसऱ्याचा निम्म्याहून कमी.

"व्हॉल्व जल गया," तो म्हणाला. मग हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाला, "पिछले साल भी बोला था मैं."

"कोणाला?"

त्याने साळ्याचं वर्णन केलं, अगदी कपाळावरच्या खुणेसकट. "खोलो नक्को बोले. बेचना है, रेस बढ़ा दो, इंजन के नीचे के रबर नये डालो, थरथर मालूम नहीं पड़ना."

माझ्या हातात पाना होता. तो त्याने हळूच काढून घेतला. "मेरे पे गुस्सा कायकू, सेठ? गिराक बोला वो किया."

तिथूनच साळ्याला फोन लावला. तो नाकबूल गेला नाही.

"तुमी भाव इतका पाडला, भाऊजी, मंग मी काऊन सांगू?"

"भाव नंतर पाडला. खोड आधी विचारली होती मी."

"बैल हाय का तो?" म्हणाला आणि फोन ठेवला.

भाव मी पाडला, हे खरं आहे. कमी पाडला असता तर त्याने सांगितलं असतं का, हे मी स्वतःला विचारून थकलो. नसतं सांगितलं. गिऱ्हाईक ठरायच्या आधीच त्याने रबर बदलून ठेवले होते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जाऊ द्या ना. माहेराचं एकच दार राह्यलं मले." त्यानंतर तिने भावाचं नाव काढलं नाही. त्याचाही फोन आला नाही. बहीण जिवंत आहे का, एवढंही त्याने विचारलं नाही.

मला त्याच्याकडून गाडीची भरपाई नको. मंगळवारी तिचं डायलिसिस आहे. त्याने आदिलाबादला यावं, मशीन चालू असेपर्यंत चार तास तिच्या खाटेशेजारी बसावं, आणि ती विचारणार नाही तरी तिला सांगावं की रबर बदलून खोड झाकलेली ही गाडी बहिणीच्या दारात जाणार हे कळल्यावरही तो गप्प का राहिला. तिच्या तोंडावर सांगावं. मी दाराशी उभा राहून ऐकेन.